लष्करातली शाळा

वहीच्या प्रत्येक नव्या पानावर वर मधोमध ‘श्री’ लिहायचं, ही घोडेगावच्या मराठी शाळेतून आलेली माझी सवय. पुण्याच्या सेंट व्हिन्सेंट्स हायस्कूलमध्ये आलो आणि पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मुलाच्या पानावर, नेमक्या त्याच जागी, चार इंग्रजी अक्षरं दिसली : ए. एम. डी. जी. हे काय, असं विचारलं तर त्याला सांगता येईना. ‘सगळे लिहितात,’ एवढंच तो म्हणाला. मग धीर करून फादरांना विचारलं. ते म्हणाले, लॅटिन आहे, ‘देवाच्या अधिक गौरवासाठी’ असा अर्थ. आमच्या येशूसंघाचं ते ब्रीद. माझी वही हातात घेऊन त्यांनी ‘श्री’वर बोट ठेवलं. ‘आणि हे?’ मी सांगितलं, काम सुरू करताना देवाचं नाव. ‘मग हे खोडू नको,’ ते म्हणाले.

शाळेचा इतिहास लिहून द्या, असा स्मरणिकेच्या संपादकांचा निरोप आला तेव्हा प्रथम ते पान आठवलं. सन-सनावळी मी देणारच आहे. पण ही शाळा मुळात कुणासाठी निघाली आणि हळूहळू कुणाकुणाची झाली, हा मला तिच्या इतिहासातला खरा प्रश्न वाटतो. जुन्नर-आंबेगावकडच्या माझ्यासारख्या मुलाने तो विचारायला हवा, कारण आमच्यासाठी ती निघाली नव्हती.

शाळेची स्थापना १८६७ची. त्या वेळचं पुणं डोळ्यांसमोर आणायचं तर दोन पुणी आणावी लागतात. एक पेठांचं, वाड्यांचं, हौदांचं. दुसरं त्याच्या पूर्वेला उभं राहिलेलं लष्कर. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईनंतर पुणं पेशव्यांच्या हातून गेलं आणि इंग्रजांच्या पलटणींनी इथे कायमचा तळ दिला. आज आपण ‘कॅम्प’ म्हणतो. माझा मामा आणि त्याच्या पिढीचे सगळे ‘लष्कर’च म्हणत. या पलटणींत आयरिश शिपाई पुष्कळ, आणि आयरिश म्हणजे बहुतेक कॅथलिक. त्यांच्यासाठी १८५० साली सेंट पॅट्रिक्स चर्च बांधलं गेलं, तेच आज पुणे धर्मप्रांताचं कॅथीड्रल आहे.

पण पुण्यात कॅथलिक माणूस इंग्रजांबरोबर आला असं समजणं चूक आहे. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च १७९२चं आहे. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई आणि अंमलदार होते, त्यांच्या प्रार्थनेसाठी सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत ही जागा मिळाली. शनिवारवाड्यावर पेशव्यांचं निशाण फडकत असताना नाना पेठेच्या कडेला मिस्सा होत होती, ही गोष्ट शाळेच्या इतिहासाच्या पहिल्या पानावर असायला हवी. कारण परकेपणाचा शिक्का या शाळेवर पुष्कळदा मारला गेला, आणि शाळा ज्या समाजातून उभी राहिली त्याची मुळं या गावात शाळेहून पाऊणशे वर्षं जुनी होती.

शाळा काढली ती येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइट फादरांनी. हा संघ लोयोलाच्या संत इग्नाशियसने स्थापला, १५४० साली त्याला पोपची मान्यता मिळाली. शाळा कशी चालवायची याचा त्यांचा स्वतःचा आराखडा १५९९ मध्येच लिहून झालेला होता : आधी शिकवलेलं पुन्हा म्हणून घ्यायचं, मुलांत चढाओढ लावायची, नाटक आणि वक्तृत्वाला जागा द्यायची, आणि प्रत्येक मुलाला नावानिशी ओळखायचं. यातलं शेवटचं सर्वांत अवघड, आणि मी सांगतो, ते आम्हाला मिळालं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई-पुण्याचं मिशन जर्मन जेझुइटांकडे आलं. काळही जुळून आला. १८५४च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी केली. १८५७ला मुंबई विद्यापीठ निघालं, त्यामुळे मॅट्रिकला अर्थ आला. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सलग धावू लागली आणि मुंबई-पुणे अंतर एका दिवसाच्या आत आलं. त्याच १८६३ साली वांद्र्याचं सेंट स्टॅनिस्लॉस, १८६४ ला माझगावचं सेंट मेरीज, १८६७ ला पुण्याचं सेंट व्हिन्सेंट्स, १८६९ ला मुंबईचं सेंट झेवियर्स. सहा-सात वर्षांत हे सगळं उभं राहिलं. पुढे १८७२ मध्ये बिस्मार्कच्या राजवटीत जर्मनीत येशूसंघावर बंदी आली. ज्यांना स्वतःच्या देशात शिकवता येईना असे शिकलेसवरलेले पाद्री बाहेरच्या मिशनांना मिळू लागले. आपल्याकडच्या वर्गांत त्यातले किती जण आयुष्यभर उभे राहिले, याचा विचार केला की मन भरून येतं. घर बंद झालेल्या माणसांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवल्या.

सुरुवातीची मुलं लष्करातलीच असणार हे उघड आहे : शिपायांची, रेल्वेतल्या अँग्लो-इंडियन कुटुंबांची, गोव्याहून आलेल्या वादकांची, आचाऱ्यांची, कारकुनांची. पण लष्करात राहणारे सगळे ख्रिस्ती कुठे होते? पारशी आणि इराणी दुकानदार होते, बोहरी व्यापारी होते, मद्रासी पलटणींबरोबर आलेली तमिळ कुटुंबं होती. त्यांचीही मुलं याच फाटकातून आत आली.

पेठांत याच सुमाराला दुसरी धामधूम सुरू व्हायची होती. चिपळूणकर, टिळक, आगरकरांचं न्यू इंग्लिश स्कूल निघालं १८८० साली, म्हणजे आमच्या शाळेनंतर तेरा वर्षांनी. स्वदेशी शिक्षणाचा तो प्रयोग महाराष्ट्राला पुढे घेऊन गेला, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. दोन्ही शाळांत अंतर पायी जाण्याइतकं. तरी एकीकडच्या मुलाने दुसरीकडे पाऊल टाकायला कित्येक दशकं जावी लागली. माझ्या मते हे दोन्ही बाजूंचं नुकसान होतं.

इकडे लष्कराच्या बाजूला १८८६ मध्ये पुण्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि जेझुइट फादर बेर्नार्ड बायडर-लिंडन पहिले बिशप झाले.

त्या जुन्या काळातला एक विद्यार्थी जगाला माहीत आहे. मेरवान शेरियार इराणी, जन्म पुण्यात, २५ फेब्रुवारी १८९४. सेंट व्हिन्सेंट्समध्ये शिकून तो डेक्कन कॉलेजात गेला. लष्करातच चार बावडीजवळ कडुनिंबाच्या झाडाखाली हजरत बाबाजान नावाची वृद्ध फकीर स्त्री बसायची. १९१३ मध्ये सायकलवरून जाणाऱ्या या कॉलेजकुमाराला तिने जवळ बोलावलं आणि त्याचं आयुष्य पालटलं. पुढे नगरजवळच्या मेहेराबादला राहिलेले मेहेरबाबा ते हेच. झरथुष्ट्री घरातला मुलगा, कॅथलिक शाळा, मुसलमान संतीण. हे सगळं मैलभराच्या आत. लष्कराची हवाच तशी होती. बाबाजानचा दर्गा आजही तिथे रस्त्याच्या कडेला आहे. आम्ही शाळेतून घरी जाताना कुणी तिथे हात जोडत, कुणी नुसते थबकत.

पहिलं महायुद्ध पेटलं आणि जर्मन असणं हाच गुन्हा ठरला. मुंबई-पुण्याच्या मिशनमधल्या जर्मन फादरांना सरकारने नजरकैदेत टाकलं, अहमदनगरच्या किल्ल्याच्या परिसरात त्यासाठी मोठी छावणी होती, आणि १९१६ पर्यंत बहुतेकांना ‘गोलकोंडा’ बोटीतून मायदेशी धाडण्यात आलं. आपल्या पुण्याचे बिशप हाइनरिख ड्योरिंग यांना तर पुढे १९२१ साली थेट जपानमध्ये हिरोशिमाला नेमलं गेलं. काही वर्षांनी ते पुण्याला परतले आणि १९४८ पर्यंत इथले बिशप होते. इतकी पडझड होऊनही शाळा बंद पडली नाही. ती दुसऱ्या हातांनी उचलून धरली. पुढच्या काळात पुण्यात स्विस जेझुइट आले आणि आमच्या पिढीने पाहिले ते मुख्यतः हेच, आणि त्यांच्याबरोबर दरवर्षी वाढत जाणारे गोव्याचे, मंगळूरचे, वसईचे, नगरचे भारतीय फादर. १९४९ मध्ये अँड्र्यू डिसूझा पुण्याचे पहिले भारतीय बिशप झाले. १९६१ हे साल पुणेकर पानशेतच्या पुराने लक्षात ठेवतात. त्याच वर्षी पाषाणला जेझुइटांची दुसरी मुलांची शाळा, लोयोला, सुरू झाली.

आता माझ्या आठवणीतल्या शाळेकडे येतो. १९६६चा जून. मामा सदर्न कमांडच्या कार्यालयात शिपाई होता आणि मोदीखान्यात एका खोलीत राहायचा. आईला त्याने कळवलं, ‘पोराला माझ्याकडं धाड. साहेबाची शाळा आहे, पण माणसं चांगली आहेत.’ वडिलांनी मला घोडेगावहून मंचरला आणलं, तिथून एस.टी.ने खेड, चाकण करत शिवाजीनगर. पाऊस सुरू झाला होता. माझ्या पिशवीत दोन सदरे, हातसडीच्या तांदळाची पुरचुंडी आणि चौथीचा दाखला.

प्रवेशाच्या दिवशी मामा धुतलेला गणवेश घालून आला होता. पांढऱ्या झग्यातले उंच, गोरे फादर टेबलामागे बसले होते. मामा उभाच. फादर उठले आणि त्यांनी स्वतः खुर्ची पुढे केली. मामा पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट सांगायचा. नोकरीत त्याला साहेबाने कधी बसायला सांगितलं नव्हतं. फादरांनी मला इंग्रजीत नाव विचारलं, मी गप्प. मग स्वच्छ मराठीत म्हणाले, ‘घोडेगाव म्हणजे घोड नदीचं का?’ मी मान हलवली. ते भीमाशंकरला चालत गेले होते, शिवनेरी चढले होते, नाणेघाटातला सातवाहनांचा शिलालेख त्यांनी पाहिला होता. तो मी पाहिला नव्हता. ‘सुट्टीत जाऊन बघून ये, आणि मला सांग,’ हा माझा या शाळेतला पहिला गृहपाठ.

दिवाळीच्या सुट्टीत वडील मला जुन्नरवरून नाणेघाटात घेऊन गेले. गुहेच्या भिंतीवरची ब्राह्मी अक्षरं मी हाताने चाचपली. दोन हजार वर्षांपूर्वी आमच्याच डोंगरात कुणी राणीने यज्ञ आणि दानं कोरून ठेवली, हे मला माझ्या गावात कुणी सांगितलं नव्हतं. युरोपातून आलेल्या पाद्र्याने ते सांगावं याचं तेव्हा नवल वाटलं, आता वाटत नाही. मराठीचा अभ्यास ही या संघाची इथली फार जुनी वाट आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ ओवीछंदात छापून निघालं. आमच्याच काळात पुण्यात ग्यी दलरी हे फ्रेंच जेझुइट वारकऱ्यांबरोबर चालले आणि विठ्ठलाच्या उपासनेवरचा त्यांचा ग्रंथ १९६० मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. याच संघाच्या मॅथ्यू लेडर्ले यांनी शनिवार पेठेत स्नेहसदन ही संस्था उभी केली, लष्कर सोडून थेट पेठेत. आणि वसईचे थॉमस डाबरे, ज्यांनी तुकारामांवर डॉक्टरेट केली, २००९ मध्ये पुण्याचे बिशप झाले. शाळेच्या इतिहासात ही नावं अवांतर वाटतील. मला वाटत नाहीत. ज्या घराण्यात असली माणसं असतात त्या घराण्याच्या शाळेत खेड्यातल्या मुलाच्या मराठीला हसत नाहीत.

मुलं मात्र हसत. माझा ‘न’ आणि ‘ण’ घोडनदीच्या काठचा होता, इंग्रजी तर नव्हतंच. डब्यात ज्वारीची भाकरी आणि लसणाचा ठेचा. शेजारी कुणाकडे पाव-ऑम्लेट, कुणाकडे धनसाक, तर कुणाकडे सोरपोतेल. पहिल्या सहामाहीत मी डब्याचं झाकण अर्धंच उघडत असे. एका पारशी मित्राने ठेचा चाखला, डोळ्यांत पाणी आलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याने तोच मागितला. त्यानंतर मामीला दोन भाकऱ्या जास्त कराव्या लागल्या.

इंग्रजी मला शिकवलं ते शाळा सुटल्यानंतर. एक ब्रदर, दीक्षा अजून व्हायची असलेले तरुण, आम्हा चार-पाच मराठी शाळेतून आलेल्या मुलांना अर्धा-पाऊण तास थांबवून घेत. पैसे नाहीत, वही तपासायला तीच लाल पेन्सिल. आदल्या दिवशीचं पुन्हा म्हणून दाखवल्याशिवाय पुढचा शब्द नाही. तो १५९९चा आराखडा आहे हे मला फार पुढे कळलं.

धर्माबद्दल लोक हमखास विचारतात, म्हणून सांगतो. कॅथलिक मुलांना धर्मशिक्षणाचा तास असे, त्या वेळी आम्हाला मॉरल सायन्स. प्रार्थनेला सगळे उभे राहत. नाताळआधी गोठा मांडायला आम्ही हिंदू-मुसलमान मुलंच जास्त पुढे, कारण मातीची डोंगरं आणि किल्ले करण्याचा सराव आमचा, दिवाळीतला. एका वर्षी मी केलेल्या डोंगराला शिवनेरीसारखा कडा झाला आणि तो तसाच ठेवला गेला. सात वर्षांत माझ्या कपाळावरचा बुक्का पुसायला मला कुणी सांगितलं नाही.

आणि मैदान! पावसाळ्यात पुण्याची लाल-काळी माती अशी माखायची की दोन संघ ओळखू येत नसत. फुटबॉल हा लष्कराचा खेळ, हॉकी त्याच्या पाठोपाठ. मी सूरपारंब्या आणि विटीदांडूवर वाढलेला. पायाला ठेच लागेल म्हणून बूट घालायला सांगितलं तर बुटात पळता येईना. मला अनवाणी खेळू दिलं. मी डाव्या बगलेवर धावायचो. वर्गात ज्यांच्याशी बोलायला शब्द नव्हते त्यांच्याशी मैदानात बोलायची गरजच पडली नाही. फादर झगा गुडघ्यापर्यंत वर खोचून चेंडूमागे धावत, चिखलात आपटत, उठून पुन्हा धावत.

शेवटचं वर्ष १९७२-७३, दुष्काळाचं. तेव्हा मॅट्रिक अकरावीला होती. आंबेगावच्या पूर्व भागात विहिरी कोरड्या, पश्चिमेला घोड नदीतही पाणी नावाला. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात, घरात मिलो ज्वारीची तांबडी भाकरी. फीचे पैसे येईनात. मी मामाला म्हणालो, नाव काढून टाक. मामा एकटा जाऊन फादरांना भेटला. आल्यावर एवढंच म्हणाला, ‘परीक्षेला बसायचं. बाकीचं तू विचारू नको.’ बाकीचं मी आजवर कुणाला विचारलं नाही.

शेजारच्या नगर जिल्ह्यातही तेव्हा जेझुइट काम करत होतेच. तिथल्या खेड्यांत त्यांची वस्ती एकोणिसाव्या शतकापासूनची. हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरात लोटणारी गर्दी ज्याने पाहिली आहे त्याला मराठी ख्रिस्ती समाज म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. १९४८ साली भारतात आलेले स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर याच दुष्काळी मुलखात राबले आणि त्यातून पाणलोटाचं काम उभं राहिलं. १९९३ मध्ये ‘वॉटर’ ही संस्था निघाली. आळेफाटा ओलांडून संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीला मी नोकरीच्या निमित्ताने गेलो होतो. एकेकाळच्या उघड्या टेकड्यांवर समतल चर, गवत, झाडं. गावकरी ‘बाखरबाबा’ म्हणत होते. मला वाटलं, हे आपल्याच शाळेच्या मोठ्या आवारात आलोय.

जून १९७३ मध्ये मॅट्रिकचा निकाल लागला आणि मी दाखला न्यायला गेलो. कारकुनाने जन्मस्थळाच्या रकान्याशी लेखणी थांबवली. त्याला ‘घोडेगाव, तालुका आंबेगाव’ इंग्रजीत कसं लिहायचं ते सांगता सांगता मी अडखळलो, कारण जुनं आंबेगाव गाव डिंभे धरणात जाणार अशी चर्चा तेव्हा आमच्याकडे सुरू होती. गाव राहणार नव्हतं, तालुक्याचं नाव राहणार होतं. फादर तिथेच उभे होते. त्यांनी लेखणी घेतली आणि अक्षर न् अक्षर सावकाश, ठळक लिहिलं.

तो कागद घेऊन मी संध्याकाळच्या एस.टी.ने घरी गेलो. आजीला वाचता येत नव्हतं. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, देव्हाऱ्यापुढे पाटावर ठेवला आणि हळदकुंकू वाहिलं. कुंकवाचं बोट शाळेच्या नावाला लागलं. ते तांबडं बोट ‘व्हिन्सेंट’ या अक्षरांच्या शेजारी अजून तसंच आहे.